चिपच्या आतला नकाशा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. त्यांच्या काळातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं मागचं झाकण काढलं की आतल्या बाजूला पुष्कळदा एक कागद चिकटवलेला असायचा. त्या रेडिओचं सर्किट. कुठला व्हॉल्व्ह कुठे, कुठल्या टोकाला किती व्होल्ट हवेत, सगळं त्यावर. कंपनीने तो काही उदार मनाने लावलेला नसे. दुरुस्तीवाल्याला तो लागणार आणि दुरुस्त न होणारा रेडिओ कुणी विकत घेणार नाही, असा सरळ व्यवहार होता. आज घरातल्या वॉशिंग मशीनचं बोर्ड उघडून बघा. मधोमध एक काळा चौकोन दिसेल. त्यावर नंबर असेल, कधीकधी तोही घासून काढलेला. आत काय आहे त्याचा कागद कुठेही चिकटवलेला नाही.

मला त्या काळ्या चौकोनाबद्दल बोलायचं आहे. त्याच्या आतल्या प्रोसेसरचा संपूर्ण नकाशा खुला मिळू शकतो, आपल्या कामाप्रमाणे तो बदलता येतो आणि त्यावर आपलं उपकरण उभारता येतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना वाद घालायला वेळ मिळेल. खुला प्रोसेसर घ्यायचा तो फुकट मिळतो म्हणून घेऊ नये. फुकट तो पडतच नाही. त्यात काय असावं आणि काय नसावं हे ठरवण्याचा हक्क मिळतो, म्हणून घ्यावा. पण तो बरोबर चालतो हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्या हक्कापाठोपाठ आपल्याच गळ्यात येते. हक्काबद्दल सगळे बोलतात. जबाबदारीबद्दल फार थोडे.

ज्या यंत्रात संगणक असतो पण ज्याला आपण संगणक म्हणत नाही, ती एम्बेडेड सिस्टिम. विजेचं मीटर, लिफ्ट, दवाखान्यातला सिरिंज पंप, मोटारसायकलचं फ्युएल इंजेक्शन. यातला प्रोसेसर आयुष्यभर एकच काम करतो. म्हणूनच इथे कापून-बेतून घेण्याला अर्थ आहे. तुमच्या लॅपटॉपला उद्या काय करावं लागेल हे कुणालाच माहीत नसतं; सिरिंज पंपाचं तसं नाही.

आता दोन थर वेगळे ओळखू, नाहीतर पुढचं सगळं घोटाळ्यात जाईल. पहिला थर नियमांचा. कुठल्या सूचनेला कुठला आकडा, रजिस्टरं किती, बेरीज म्हटलं की नेमकं काय घडलं पाहिजे. याला इन्स्ट्रक्शन सेट म्हणतात. दुसरा थर रचनेचा. ते नियम पाळणारी गेटं आणि फ्लिप-फ्लॉप प्रत्यक्षात कशी जोडली आहेत. रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर जाहीर असतं. त्यावर धावणारं इंजिन कसं बांधायचं आणि त्याचे नकाशे दाखवायचे की तिजोरीत ठेवायचे, हे बांधणारा ठरवतो. हल्ली रिस्क-फाइव्ह हे नाव सगळीकडे ऐकू येतं. ते रुळांच्या मापाचं नाव आहे. ईएसपी32-सी3 ही छंदिष्टांची लाडकी चिप रिस्क-फाइव्हचे नियम पाळते, पण तिच्या कोअरची रचना कंपनीने खुली केलेली नाही. विक्रेते या दोन गोष्टी सोयीस्करपणे एकात मिसळतात, तेवढं सांभाळा.

खुल्या रचनेची गोष्ट रिस्क-फाइव्हपासून सुरू होते असा समज आहे. तो खरा नाही. 2000 सालाच्या आसपास स्लोव्हेनियाच्या दाम्यान लाम्प्रेत यांच्या पुढाकाराने ओपनकोअर्सची मंडळी जमली आणि त्यांच्यातून ओपनरिस्क हा प्रोसेसर आला. नियमही खुले आणि ओआर1200 नावाची, व्हेरिलॉग या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या भाषेत लिहिलेली रचनाही खुली. त्यांनी परवाना निवडला एलजीपीएल. तो सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला. सॉफ्टवेअर एकमेकांना ‘लिंक’ करणं म्हणजे काय हे त्यात नीट दिलं आहे. सिलिकॉनमध्ये लिंक करणं म्हणजे काय, याचं उत्तर कुठल्याच वकिलाकडे नव्हतं, आणि कंपन्यांचे वकील अशा वेळी ‘नको’ म्हणून मोकळे होतात. सोल्डरपॅड, सर्नचा ओपन हार्डवेअर परवाना हे सगळं नंतरचं. तरीही ओपनरिस्क मेला नाही. 2011 मध्ये लिनक्सच्या मूळ शाखेत त्याला जागा मिळाली. आणि गंमत अशी की ऑलविनर कंपनीच्या ए64सारख्या स्वस्त चिपमध्ये मुख्य आर्म कोअरच्या बाजूला एक छोटा ओपनरिस्क जातीचा कोअर बसलेला आहे. मुख्य प्रोसेसर झोपला की वीज सांभाळण्याचं काम त्याचं. कंपनीने त्याचा कधी गाजावाजा केला नाही. अशा चिपसाठी लोकांनी ‘क्रस्ट’ नावाचं खुलं फर्मवेअर लिहिलं आणि ते पाइनफोनमध्ये वापरात आलं, तेव्हा कुठे पुष्कळांचं त्या कोपऱ्यातल्या रखवालदाराकडे लक्ष गेलं.

2010 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रस्ते असानोविच, अँड्र्यू वॉटरमन आणि युनसुप ली यांना संशोधनासाठी इन्स्ट्रक्शन सेट हवा होता. डेव्हिड पॅटरसन हेही या कामात होते; ‘रिस्क’ ही कल्पना ज्यांनी 1980 च्या दशकात रुजवली त्यांपैकी एक. एक्स86 आणि आर्म यांच्याभोवती हक्कांचं कुंपण. ओपनरिस्क त्यांनी पाहिला आणि बाजूला ठेवला, आणि त्याची कारणं आपल्या मॅन्युअलमध्ये छापूनही टाकली: ब्रँच डिले स्लॉट, कंडिशन कोड, आणि अपुरी राहिलेली 64 बिटांची आवृत्ती. उन्हाळ्यात तीन महिन्यांत आटपू म्हणून हाती घेतलेलं काम पुढे काही वर्षं चाललं. त्यातून निघालेल्या मूळ 32-बिट संचात सूचना किती? 40. गुणाकारसुद्धा त्यात नाही. हवा असेल तर वेगळा जोड घ्यायचा.

माझ्या दृष्टीने रिस्क-फाइव्हमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मात्र त्या 40 सूचनांत नाही, त्यांच्यामध्ये मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या जागेत आहे. 32 बिटांच्या सूचनेचे खालचे सात बिट तिचा प्रकार सांगतात. त्यातले काही आकडे ‘कस्टम’ म्हणून राखून ठेवले आहेत, आणि पुढची प्रमाण आवृत्ती या जागेवर पाऊल ठेवणार नाही असं वचन दिलं आहे. म्हणजे तुमच्या यंत्राला लागणारी एखादी विचित्र सूचना तुम्ही तिथे बसवलीत, तर दहा वर्षांनी कुणी येऊन ती उठवणार नाही.

आता रचना प्रत्यक्ष कुठे बसवायची? चिप छापून घेणं हा शेवटचा टप्पा. त्याआधी एफपीजीए. ही अशी चिप की जिच्यात हजारो छोटी लूकअप टेबलं, म्हणजे एलयूटी, असतात आणि त्यांची जोडणी आपल्याला हवी तशी भरता येते. आज प्रोसेसर, उद्या दुसराच प्रोसेसर. अशा ठिकाणी बसवलेल्या कोअरला सॉफ्ट कोअर म्हणतात. ओलॉफ किंडग्रेन यांचा ‘सर्व्ह’ नावाचा कोअर आहे. नाव ऐकून मराठी माणसाला वाटतं त्यात सगळं काही असेल. प्रत्यक्षात तो जगातला सगळ्यात लहान रिस्क-फाइव्ह कोअर म्हणून ओळखला जातो. 32 बिटांची बेरीज तो एका वेळी एक बिट अशी करतो. म्हणून साध्या सूचनेलाही बत्तीसच्या वर क्लॉकचे ठोके लागतात, पण जागा लागते दोनशेच्या आत-बाहेर एलयूटी. दिवसाकाठी दोनदा तापमान नोंदवणाऱ्या यंत्राला घाई कसली आहे?

क्लेअर वुल्फ यांचा पिकोआरव्ही32 मी शिकवताना वापरतो, कारण त्याची सगळी रचना मुख्यतः एका फाइलमध्ये आहे आणि त्या फाइलच्या सुरुवातीलाच निवडीचे खटके आहेत. गुणाकार हवा का? भागाकार? इंटरप्ट? बॅरल शिफ्टर हवा का, की बिट सरकवण्याचं काम थोडं थोडं करत गेलं तरी चालेल? प्रत्येक ‘हो’ची किंमत एलयूटीत मोजायची. झायलिंक्स कंपनीच्या 7-सीरिज एफपीजीएवर हा कोअर साडेसातशेपासून दोन हजार एलयूटीपर्यंत कुठेही बसतो. ज्याने हे खटके एकदा स्वतः दाबून पाहिले त्याला प्रोसेसरचं पुस्तक निराळं वाचता येतं. आपल्या महाविद्यालयांत अजून 8085 आणि 8051 चे ब्लॉक डायग्राम घोकून घेतात. 8085 आला 1976 मध्ये. जुना म्हणून माझी तक्रार नाही. त्या चौकोनांतल्या एकाही चौकोनाच्या आत शिरता येत नाही, ही आहे. बरं, 8051 ची खुली रचनाही ओपनकोअर्सवर वर्षानुवर्षं पडून आहे. तिच्याकडे वळायला सवड कुणाला?

याच वुल्फबाईंनी योसिस हे सिंथेसिसचं, म्हणजे लिहिलेल्या रचनेचं गेटांच्या जोडणीत रूपांतर करण्याचं, साधन लिहिलं, आणि 2015 मध्ये आइसस्टॉर्म प्रकल्पाने लॅटिसच्या आइस40 एफपीजीएची आतली भाषा उलगडून दाखवली. तोवर एफपीजीए भरायला त्या त्या कंपनीचं बंदिस्त सॉफ्टवेअर घ्यावंच लागे. कोअर खुला आणि हत्यारं बंद, अशी अर्धवट स्थिती. ती या एका कुटुंबापुरती संपली.

या सगळ्याचं फळ काय, ते एका उदाहरणाने सांगतो. जरा सविस्तर सांगतो, कारण ऐकीव उत्साहात नेमकं हेच हरवतं. फोमू नावाचा एक बोर्ड आहे. संपूर्ण बोर्ड यूएसबीच्या खाचेत मावतो. त्यावर आइस40 यूपी5के: 5280 एलयूटी, 128 किलोबाइट रॅम आणि गुणाकाराचे आठ तयार ठोकळे. गूगल आणि हार्वर्डच्या लोकांनी ‘सीएफयू प्लेग्राउंड’ नावाचं एक काम केलं. या इवल्याशा जागेत व्हेक्सरिस्क-फाइव्ह हा खुला कोअर बसवून बोललेला शब्द ओळखायचा. न्यूरल नेटवर्क, म्हणजे गुणाकार-बेरजांचा डोंगर. पहिल्या फेरीत ते अत्यंत सावकाश चालत होतं. शेवटच्या फेरीत तेच काम 75 पट वेगाने झालं.

75 पट म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, एखादी जादूची सूचना घातली असणार. घातली, पण बऱ्याच उशिरा. सुरुवातीचा मोठा फायदा मिळाला तो प्रोग्राम फ्लॅशमधून वाचणाऱ्या तारांमुळे. एका तारेऐवजी चार तारांनी वाचायला सुरुवात केली. मग सारखा लागणारा कोड आणि मॉडेल आतल्या रॅममध्ये आणलं. मग कॅश वाढवली. मग गुणाकार एका ठोक्यात होईल असा बसवला. एवढं सगळं झाल्यावर गुणून बेरजेत टाकणारी खास सूचना आली. या सगळ्याला जागा करून देण्यासाठी लागत नसलेल्या सोयी उपटून काढल्या होत्या. या सगळ्या पायऱ्यांत प्रोसेसर, बस, मेमरी आणि सॉफ्टवेअर एकाच माणसाच्या टेबलावर होतं. बाजारातून घेतलेल्या चिपमध्ये यातली निम्मी दारं आधीच बंद असतात. आणि दारं बंद असली की माणूस फक्त सॉफ्टवेअर घासत बसतो. कोंडी खरी कुठे आहे हे मोजून पाहायचं आणि तिथेच हात घालायचा, हे मला नव्या सूचनेपेक्षा मोठं वाटतं.

आता उलट बाजू. तुमच्यातल्या कुणाला एखाद्या पंपाचा कंट्रोलर करायचा असेल आणि बाजारातल्या मायक्रोकंट्रोलरने काम भागत असेल, तर कृपा करून तोच घ्या. रासबेरी पाय पिको 2 हा 2024 मध्ये आलेला बोर्ड पाच डॉलरला जाहीर झाला. त्यातल्या आरपी2350 चिपमध्ये दोन आर्म कोअर आहेत आणि दोन हॅझर्ड3. सुरू करताना कुठली जोडी चालवायची ते आपण ठरवायचं. हॅझर्ड3 ही ल्यूक रेन या त्यांच्याच अभियंत्याने फावल्या वेळात लिहिलेली खुली रचना. म्हणजे नकाशाही उघडा आणि चिपही तयार. या किमतीशी तुमचा एफपीजीए स्पर्धा करू शकत नाही. करायलाही जाऊ नये.

मग खटाटोप कुणी करावा? एक तर ज्याचं यंत्र चिपपेक्षा जास्त जगतं त्याने. कारखान्यातलं यंत्र वीस-पंचवीस वर्षं चालतं आणि त्यातली चिप मध्येच कधीतरी ‘उत्पादन बंद’च्या यादीत जाते. व्हेरिलॉगमध्ये लिहिलेला कोअर दुसऱ्या कंपनीच्या एफपीजीएवर नेता येतो, आणि वर लिहिलेला प्रोग्राम बदलावा लागत नाही. दुसरा, ज्याला प्रोसेसरच्या पोटात हात घालणं भाग आहे तो. युरोपीय अंतराळ संस्थेने 1990 च्या दशकाच्या शेवटी लिऑन हा प्रोसेसर हाती घेतला तो यासाठीच. इन्स्ट्रक्शन सेट खुल्या प्रमाणातला, स्पार्क व्ही8. रचना यिरी गाइसलर यांची. अवकाशातला एखादा कण फ्लिप-फ्लॉपला धडकला तर शून्याचा एक होतो. त्यावर उपाय असा की प्रत्येक फ्लिप-फ्लॉप तीनदा ठेवायचा आणि बहुमत घ्यायचं. दुसऱ्याच्या बंद रचनेत हे कसं करणार? 2009 मध्ये सोडलेल्या प्रोबा-2 या उपग्रहावर लिऑन2 ची अशी टणक आवृत्ती होती. अर्थात साधा लिऑन खुला आणि ही टणक आवृत्ती परवान्याखाली, असा तिथेही व्यवहार होताच. तिसरा, ज्याला कुणावर विश्वास ठेवायचा नाही तो. अँड्र्यू ‘बनी’ ह्वांग यांनी प्रिकर्सर हे खिशातलं उपकरण एफपीजीएवर उभारलं, कारण छापलेल्या चिपच्या आत डोकावता येत नाही आणि एफपीजीएतला प्रोसेसर मालक स्वतः घडवू शकतो. खालचा एफपीजीए मात्र कंपनीचाच. तो प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही.

जबाबदारीचं म्हणालो होतो, ते आता. अलीबाबाच्या टी-हेड विभागाने 2021 मध्ये आपल्या सी910 या बऱ्यापैकी ताकदवान रिस्क-फाइव्ह कोअरची रचना खुली केली. कुणीही वाचावी. 2024 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या सिस्पा केंद्राच्या संशोधकांनी त्यातलं एक भगदाड जाहीर केलं. त्याला नाव मिळालं घोस्टराइट. व्हेक्टर जोडातल्या एका सदोष सूचनेमुळे कुठलाही साधा प्रोग्राम मेमरीत वाटेल तिथे लिहू शकत होता, सगळे पहारे ओलांडून. सॉफ्टवेअरने ते बुजवता येत नाही. व्हेक्टर जोड पूर्ण बंद करणं एवढाच उपाय. आणि ते सापडलं कसं? रचना वाचून नव्हे. एकच सूचना वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपवर चालवायची आणि उत्तरं जुळतात का पाहायचं, असा यांत्रिक सपाटा लावल्यावर. जवळजवळ तीन वर्षं नकाशा उघड्यावर होता. पुष्कळ डोळे असले की चूक लपत नाही असं खुल्या चळवळीत मोठ्या अभिमानाने म्हणतात. डोळे असून उपयोग नाही, कुणीतरी बसून तपासावं लागतं, आणि तपासणं हे लिहिण्यापेक्षा कंटाळवाणं, लांबलचक आणि महाग काम आहे. चिपच्या धंद्यातल्या लोकांना हे ठाऊक आहे. आमच्या वर्गांत मात्र डिझाइन शिकवतात आणि व्हेरिफिकेशनला शेवटचे दोन तास देतात.

छापतानाची गोष्ट आणखी वेगळी. 2020 मध्ये गूगल आणि अमेरिकेतल्या स्कायवॉटर या कारखान्याने 130 नॅनोमीटरच्या प्रक्रियेचे नियम खुले केले. तोवर हे नियम गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय दिसत नसत. ईफॅबलेस या कंपनीमार्फत लोकांच्या खुल्या रचना एकत्र छापल्या जाऊ लागल्या. पहिल्याच फेरीत, सगळ्यांना सामायिक असलेल्या नियंत्रक भागात होल्ड टाइमचा दोष निघाला: एका फ्लिप-फ्लॉपमधली नवी माहिती पुढच्याने जुनी टिपून घेण्याआधीच तिथे पोचत होती. एफपीजीएमध्ये अशी चूक कळली तर चहा पिऊन येईपर्यंत दुरुस्त होते. सिलिकॉनमध्ये तुम्ही महिनोन् महिने वाट पाहून आलेली चिप हातात धरून बसता. 2025 मध्ये पैशांअभावी ईफॅबलेस बंद पडली. तिच्यावर अवलंबून असलेल्या टायनी टेपआउटने, ज्यात विद्यार्थी एका चिपचा छोटासा तुकडा वाटून घेतात, जर्मनीतल्या आयएचपीच्या 130 नॅनोमीटरकडे मोर्चा वळवला. नकाशा खुला असला तरी भट्टी कुणाच्या तरी मालकीची असते.

आपल्याकडची भट्टी म्हणजे चंदीगडजवळ मोहालीची एससीएल, 180 नॅनोमीटरची. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. कामकोटी यांच्या गटाचा शक्ती प्रकल्प रिस्क-फाइव्हचा, बीएसडी परवान्याखाली खुला. 2018 मध्ये त्यांची एक चिप इंटेलच्या 22 नॅनोमीटरवर आणि दुसरी मोहालीत छापली गेली. 2025 मध्ये इस्रोबरोबर केलेली आयरिस ही चिपही मोहालीचीच. सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात असलं तरी त्यांचा वेगा हा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर तिरुवनंतपुरमच्या केंद्रातला. मुंबईचा म्हणाल तर अजित. पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली घडला आणि मोहालीत 180 नॅनोमीटरवर छापला गेला. त्याने इन्स्ट्रक्शन सेट घेतला स्पार्क व्ही8, म्हणजे लिऑनचाच. युरोपीय अंतराळ संस्था आणि पवई यांच्यात कुठलाही करार न होता दोघांना एकच कंपायलर चालू शकतो, तो त्या जाहीर मापामुळे. 180 नॅनोमीटर हे पेंटियम थ्रीच्या काळातलं माप, म्हणून कुणी नाक मुरडतं. विजेच्या मीटरला, दिशादर्शक उपग्रहाच्या रिसीव्हरला, पंपाला त्याहून बारीक माप कशाला हवं, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. 180 नॅनोमीटरचा मास्क, म्हणजे छपाईचा साचा, परवडतो, आणि ज्याला चूक परवडते तोच शिकतो.

मागच्या रांगेत बसलेल्या विद्यार्थ्यांनी चिठ्ठी पाठवून विचारलं आहे की सुरुवात कुठून करू. आइस40 चा कुठलाही छोटा बोर्ड घ्या. तोही नसेल तर नुसत्या सिम्युलेटरवर चालेल. पिकोआरव्ही32 उतरवून घ्या. त्यातली उजवीकडे सरकवण्याची सूचना मुद्दाम बिघडवा: चिन्हाचा बिट जपायचा असतो तिथे शून्य घाला. मग एक साधा प्रोग्राम चालवा. बहुतेक वेळा तो बिनबोभाट चालेल, कारण ऋण संख्या उजवीकडे सरकवण्याची वेळ रोज येत नाही. त्यानंतर वुल्फ यांचंच रिस्कव्ही-फॉर्मल हे साधन लावा. ते प्रोग्राम चालवून बघत नाही. नियम मोडणारा एखादा प्रसंग अस्तित्वात आहे का, हे ते गणिताने शोधतं, आणि सापडला की कुठल्या ठोक्याला कुठल्या रजिस्टरमध्ये काय होतं त्याची लहरींची आकृती काढून देतं. ती आकृती उलटीकडून वाचत आपण बिघडवलेल्या ओळीपर्यंत पोचा. मग तो कोअर मित्राला द्या आणि त्याला निराळी ओळ बिघडवायला सांगा, तुम्हाला न सांगता.

बाकीच्या चिठ्ठ्या अध्यक्षांकडे आहेत. त्या आता घेऊ.